सावल्या धरणारा पडदा

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. खिडकीचा नव्हे, नाटकाचा. हसनाबादच्या पुढे कपाशीच्या शेतांतून एक कच्चा रस्ता जातो. त्याच्या टोकाला पहिली ते चौथीची दोन खोल्यांची शाळा आहे. तिथे पूर्वेच्या खोलीत मी राहतो. अंगावर तीन ठिगळं आहेत, एका कोपऱ्याला हळदीचा डाग आहे. तरीही मी सुखात आहे. ते सुख मला कसं लाभलं, ते सांगतो.

माझा जन्म शिलाई मशीनवर झाला. तेव्हा शाळेत वंदनाबाई शिकवायच्या. गॅदरिंगला कुणाच्या तरी घरची सतरंजी दोरीवर टाकून पडदा केला जायचा. एका वर्षी दोरी तुटली आणि मिशा चिकटवून घेणारा राजा साऱ्या गावाला दिसला. तेव्हा बाईंनी भोकरदनच्या बाजारातून पांढरं मांजरपाट आणलं आणि गावातल्या नंदाबाईंकडे दिलं. नंदाबाई ब्लाउज शिवायच्या, एवढं कापड त्यांच्या मशीनखाली कधी गेलं नव्हतं. ते आवरायला त्यांनी घरातल्या दोघांना दोन टोकांना बसवलं. तीन पट्टे दुहेरी शिवणीने जोडले, वर दोरीसाठी नेफा ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, ही शिवण उसवली तर नाव बदलीन माझं!"

शिवण अजून शाबूत आहे.

मग सहा-सात वर्षं माझी मोठी चैन होती. माझ्यामागे मुलं कुजबुजायची, घामेजल्या हातांनी मला घट्ट धरायची. मी बाजूला झालो की टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांत माझाही वाटा आहे असं मला वाटायचं. पुढे वंदनाबाईंची परतूरकडे बदली झाली. जाताना त्यांनी माझी नीट घडी घातली आणि मला कपाटात ठेवलं. त्यानंतर मला कुणी बाहेर काढलं नाही. पुढे कपाटात पुस्तकं आली आणि मी खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांवर गेलो. हळदीचा डाग तिथलाच. उंदरांनी मला तीन ठिकाणी कुरतडलं. वेळापत्रकात शुक्रवारी शेवटचा तास चित्रकलेचा होता, पण त्या तासाला पाढेच ऐकू यायचे.

पाढे घेणारे होते बद्रीनाथ गुरुजी. तीर्थपुरीकडच्या शेतकरी घरातले, नोकरीची पंचवीस वर्षं झालेली. गणितात असा हातखंडा की त्यांच्याकडचं पोर बोटं न मोजता बेरीज करायचं. माणूस प्रेमळ, पण चित्राचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघायचे.

गेल्या पावसाळ्यानंतर जालन्याहून सुहासिनीताई आल्या. त्यांची संस्था छोटी. खेड्यातल्या शाळांना चित्र, नाटक, गाणं यांसाठी मदत करणारी. त्यांना वर्षभरासाठी पाचच शाळा घेता येणार होत्या. साहित्याची जागा बघताना त्यांना मी दिसलो. त्यांनी मला पोत्यांवरून ओढलं, झटकलं आणि उजेडात धरलं.

"गुरुजी, हा तर सावल्यांच्या नाटकाला अगदी योग्य आहे! महिन्यातून दोन शनिवार मी येईन. पण सुरुवात तुमच्यापासून. तुम्ही शिकलात, की मी गेल्यावरही हे चालू राहील."

गुरुजींचा चेहरा उतरला. "ताई, पोरांना शिकवा, मी सतरंज्या टाकतो, चहापाणी बघतो. पण मला यातलं काहीच येत न्हाई. पाचवीत बैल काढल्ता मी. मास्तरांनी वही वर धरून सगळ्या वर्गाला विचारलं, हे गाढव कुणाचं? तवापासून पेन्सिल फक्त आकड्यांसाठी."

सुहासिनीताई हसल्या नाहीत. त्यांनी जाड पुठ्ठा गुरुजींपुढे सरकवला. "मग आज गाढवच काढू या. ते तरी चुकणार नाही."

गुरुजींनी कात्री हातात घेतली. आधी पट्टीने गाढवाचे कान मोजले, मगच पुठ्ठा कापला.

चौथीतल्या शीतलने माझ्या भोकांना ठिगळं लावली. दोन पुरती, तिसरं अर्धंच. "याच्यातून ऊन येतं, गुरुजी. आपला चंद्र होईल याचा," ती म्हणाली. मला दारापासून चार पावलं आत टांगलं. शनिवारी शाळा सकाळची. हिवाळ्याचं कोवळं ऊन थेट दारातून यायचं आणि दार आणि मी यांच्यामध्ये धरलेल्या पुठ्ठ्याची सावली माझ्यावर उमटायची. खिडक्या लावल्या की आत अंधार. विजेचा पत्ता नसला तरी काही अडत नव्हतं. फक्त नऊच्या पुढे सूर्य वर चढायचा आणि ऊन माझ्यावरून खाली उतरायचं. त्याच्या आत नाटक संपायला हवं.

नाटक मुलांनीच रचलं. एक शेळी शाळेत शिरते आणि हजेरीपट खाऊन टाकते. आता कुणाचं नाव कुठेच नाही, म्हणून गुरुजी शेळीलाच हजेरी घ्यायला लावतात. शेळी व्हायची शीतल. शेळीचा पुठ्ठा गुरुजींनी कापला होता, पायांचे सांधे मोजून, पट्टी लावून. शाळा सुटल्यावर खोलीत कुणी नसताना ते ती शेळी माझ्यावर चालवून बघायचे. तेव्हाचा त्यांचा चेहरा फक्त मी पाहिला आहे.

पण गावात बोलणं सुरू झालं. शाळा समितीचे अध्यक्ष काकासाहेब एका सकाळी दारात उभे राहिले. त्यांची नात याच शाळेत होती, आणि शेळ्यांचा मोठा कळपही त्यांच्याच घरी.

"गुर्जी, पोरं सावल्या करून राह्यली म्हणं. मंग अभ्यास कवा? आमाला बिलकुल पसंत न्हाई हे."

गुरुजी म्हणाले, "अध्यक्षसाहेब, येत्या शनिवारी या. बघा. न्हाई पटलं तर बंद करतो, ताईंना दुसरी शाळा बघायला सांगतो."

"बराबर. शब्द ध्यानात ठेवा."

माझ्या अंगावर काटा आला. पुन्हा तांदळाच्या पोत्यांवर जायचं?

शनिवार उजाडला. खोली आयाबायांनी, आजोबांनी भरली. काकासाहेब हाताची घडी घालून पुढे बसले. आणि निरोप आला, शीतलला ताप आहे, ती येत नाही. शेळीचं सगळं बोलणं तिच्याकडे होतं. मुलं रडवेली झाली. ऊन तर दारात आलं होतं.

सुहासिनीताई हळूच म्हणाल्या, "गुरुजी, शेळी तुम्ही कापली आहे. आता शीतलशिवाय ती तुम्हालाच चालवता येईल."

"चालवता येती, ताई. पण ओरडायचं हाय की!"

त्यांनी एकदा लोकांकडे बघितलं, टोपी काढून मोनाली नावाच्या मुलीच्या हातात दिली आणि माझ्यामागे आले. शेळी माझ्यावर उभी राहिली. त्यांच्या श्वासाने मी हलत होतो. मग, मित्रांनो, पंचवीस वर्षं पाढे म्हणवून घेणारे ते गुरुजी खच्चून ओरडले, "बेंऽऽ!"

आणि असा हशा उसळला की दाराबाहेरच्या चिमण्या उडाल्या. शेळीने हजेरीपट खाल्ला, ढेकर दिली, एकेका मुलाचं नाव घेतलं, आणि प्रत्येक नावाला माझ्यावर एकेक सावली उठून "हजर!" म्हणाली. शेवटी शेळीने आजारी शीतलचंही नाव घेतलं. तेव्हा सगळ्या सावल्या मिळून ओरडल्या, "हजर!" चंद्र तर तिचाच होता. आयाबाया डोळे पुसत हसत होत्या.

नाटक संपलं तेव्हा नऊला पाच मिनिटं कमी होती. काकासाहेब उठले आणि सरळ माझ्यामागे आले. मुलं बाजूला झाली. त्यांनी शेळीचा पुठ्ठा गुरुजींच्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"गुर्जी, शेळीचा मागचा पाय असा वाकत न्हाई. उलटा वाकतो. जल्दी कात्री आणा."

ते तिथेच मांडी घालून बसले आणि पाय नीट कापू लागले. गुरुजी शेजारी बसून नव्या सांध्याचं माप घेऊ लागले. मुलं भोवती वाकली. बंद करायचं काय, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

आता शुक्रवारचा शेवटचा तास चित्रकलेचाच असतो. महिन्याच्या एका शनिवारी शेजारच्या शाळांमधले शिक्षक येतात, माझ्यामागे उभे राहून बिचकत बिचकत हात हलवतात. त्यांच्या घामेजल्या बोटांचा स्पर्श मला मुलांच्या हातांसारखाच वाटतो.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझ्यासारखं काहीतरी पडून असेल. एखादी ढोलकी, रंगांची पेटी, मुखवटा. त्याला बाहेर काढा, ऊन दाखवा, ओलं ठेवू नका, उंदरांपासून जपा. चित्रकलेच्या तासात दुसऱ्या विषयाला बसू देऊ नका. आणि तुमचे गुरुजी किंवा बाई लाजून दाराशीच उभे राहिले, तर रंगीत खडू आधी त्यांच्या हातात द्या, आणि तुमच्या शेजारी थोडं सरकून जागा करा.