कवळीवाल्यांच्या दारातले भिंग

माझ्यातून पाहिले की दाराबाहेर उभ्या माणसाचे नाक त्याच्या कानांच्या दुप्पट दिसते. कपाळ फुगते, पाय बाहुलीएवढे होतात. दोष माणसाचा नसतो. माझी काचच तशी घासलेली आहे. मित्रांनो, मी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारागिराच्या दारातले जुने भिंग आहे. त्यांना सगळे 'कवळीवाले' म्हणतात.

घराचे कर्ज मंजूर झाले, त्याच आठवड्यात त्यांनी दाराला भोक पाडून मला बसवले. हात इतका सफाईदार की केसभर फट राहिली नाही. "कोण आलंय ते आधी बघायचं, मग कडी काढायची," त्यांनी लेकीला शिकवले. ती स्टुलावर चढून आत्याचे नाक बघायची आणि खिदळायची. माझे सुखाचे दिवस तेच.

पुढे कवळीवाल्यांचे हात थरथरू लागले. कवळ्या परत येऊ लागल्या, हप्ते थकले आणि दारात वसुलीवाला उभा राहिला. तो मुद्दाम साऱ्या जिन्याला ऐकू जाईल असे बोले. "काय कवळीवाले, जगाच्या तोंडात दात बसवता, तुमच्या तोंडात जीभ नाही होय?" शेजारची दारे हसायला उघडत. एकदा तो पार्सलवाला बनून आला आणि लेकीने कडी काढली. आत ठाण मांडून तो तिला म्हणाला, "छान आहे गं तुझी खोली. खेळून घे, थोडेच दिवस राहिलेत." तेव्हापासून घंटी वाजली की सगळे घर श्वास रोखू लागले.

"अहो, बँकेला सरळ सांगू या, झेपत नाही म्हणून," बायको म्हणे. "कर्जदारांच्या सल्ला केंद्रात फुकट मदत करतात."

"पुढच्या महिन्यात जमेल. लोकांपुढे हात पसरू?"

शेवटी तीच केंद्रात गेली आणि तिथल्या बाईंना घरी बोलावून आली. सांगितले तर बाई यायच्या वेळी मुद्दाम बाहेर निघून जातील, म्हणून नवऱ्याला काही बोलली नाही.

बाई आल्या तेव्हा ती कामावर होती. माझ्यातून त्याही वसुलीवाल्यासारख्याच दिसल्या: मोठे नाक, खांद्याला बॅग.

"दादा, हप्ते कमी करून मिळतील. घराचा लिलाव ठरायच्या आत अर्ज करू या!"

कवळीवाल्यांनी लेकीच्या तोंडावर हात दाबला. "नवीन सोंग," ते पुटपुटले. मग कवळीचे गुलाबी मेण मऊ करून त्यांनी आतून माझ्यावर थापले. बाहेरचे मला दिसत राहिले, पण माझ्यातून पाहणारे कोणी उरले नाही. बाई आणखी दोनदा आल्या, जिने चढून धापा टाकत थांबल्या आणि खाली गेल्या. बायकोला वाटत राहिले, बाई अजून यायच्याच आहेत.

मित्रांनो, मला जरूर वापरा. पण भला माणूस नुसत्या काचेतून ओळखू येत नाही. साखळी लावून का होईना, त्याला दोन प्रश्न विचारा.

लिलावाची नोटीस माझ्या खालीच डकवली गेली. त्या संध्याकाळी बायको बाईंना सोबत घेऊनच आली. तिने किल्लीने दार सताड उघडले, तशी माझी काच खोलीकडे वळली.

"तीनदा येऊन गेल्या ह्या. तीनदा!"

"मला वाटलं, वसुलीवाली."

"विचारलं असतं तर दात पडले असते का तुमचे?"

कवळीवाल्यांनी मान खाली घातली. बाई बसल्यासुद्धा नाहीत. "दादा, हप्ते कमी करायची वेळ गेली. घर आता राहत नाही. लिलावात ते मातीमोल जाईल. त्याआधी तुम्हीच विकलंत, तर कर्ज फिटून हातात थोडं उरेल. गिऱ्हाईक शोधायला मी मदत करते. पण हे तुमच्या तोंडून यायला हवं."

लेक खोलीच्या दारात उभी होती.

"पुढच्या महिन्यात..." कवळीवाले म्हणाले. त्यांनी लेकीकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली.

"विकायचं," ते म्हणाले. "घर विकायचं."