औंदाच्या शेवया

ठक्. ठक्. ठक्.

दुपारी घर इतकं शांत होतं की मला आधी वाटलं, दार वाजतंय. मग कळलं, आवाज माजघरातून येतोय. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बत्त्यानं लहान जात्याचा खुंटा ठोकत होत्या. माझ्या लेकीच्या, कुंदाच्या परकराला टाके घालता घालता माझी सुई तशीच राहिली.

रोजच्या दळणाचं जातं वेगळं. हे लहान जातं वर्षभर कोपऱ्यात गोणपाटाखाली असतं. त्याला हात लागतो तो चैत्रात, शेवयांचा गहू दळायला.

"गहू ओला करी ठेयेल शे," आत्याबाई आतूनच म्हणाल्या. "सकाळले दळू. आखाजी जवळ उनी."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी आमरसाबरोबर ताटात शेवया लागतात. घरोघरी सासवा-सुना पाट मांडून बसतात आणि गल्लीभर खाटा उभ्याआडव्या टाकून त्यांवर काठ्या, काठ्यांवर शेवया वाळत असतात. पण ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात वर्षभर पाट खाली काढत नाहीत. शेजारच्या मंजुळाबाईंचा दीर दिवाळीत गेला. त्यांचा पाट आढ्याला टांगलेलाच आहे. त्यांच्या वाटच्या शेवया औंदा आमच्याकडून जायच्या होत्या. कुणाच्या अंगणात शेवया वाळतायत आणि कुणाच्या नाही, एवढं पाहिलं की कोणतं घर दुखवट्याचं, ते आल्यागेल्याला कळतं.

आमचा पाट काढायचा की नाही, हे घरात फक्त मला ठरवता येत होतं. आणि मलाच ते ठाऊक नव्हतं.

पौषात भडगावचा पोस्टमन तोताराम एक लांबट पाकीट घेऊन आला होता. मी तुरी पाखडत होते. आत्याबाई ओट्यावर, शेजारी मंजुळाबाई. कुंदाचे वडील लढाईवर गेल्यापासून या घरात वाचता येतं ते मला एकटीला. माझे वडील धुळ्याला शाळेत शिपाई, म्हणून चार इयत्ता झाल्या. पत्र आलं की मी ओट्यावर उभी राहून वाचायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं, अशीच रीत पडली होती.

छापील कागद होता, मधल्या जागा शाईनं भरलेल्या. शिपाई पितांबर झुलाल पाटील. अमुक तारखेपासून लढाईच्या जागी बेपत्ता आहे. अधिक माहिती मिळताच कळवण्यात येईल.

मी मान वर केली. आत्याबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मंजुळाबाईंची नजर माझ्या मनगटांवर, बांगड्यांवर गेली होती. त्यांचा काही वाईट हेतू नसेल. बायकांची नजर तिथंच जाते.

"पायाला लागलंय म्हणे," मी म्हटलं. "दवाखान्यात आहेत. बसून लिहिता येत नाही, म्हणून सरकारनं कळवलंय. बरे आहेत."

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मी सांगू शकत नाही. एवढं मात्र खरं, की ते निघाल्यावर मंजुळाबाईंची नजर मनगटांवरून उचलली गेली आणि आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले. मला वाटलं, चार दिवसांत दुसरं पत्र येईल. ते खरंच दवाखान्यात असतील. मग हे खोटं आपोआप खरं होऊन जाईल.

दुसरं पत्र आलं नाही. आत्याबाई मात्र दर आठवड्याला तोच कागद वाचायला लावायच्या. दर वेळी मला तेच्या तेच म्हणावं लागे. एकदा त्यांनी विचारलं, "खावाले काय देतस त्याले?" मी म्हटलं, "दूध." पुढच्या वेळी दूध आलं नाही तर त्या म्हणत, "अन् दूध?" मग ते कागदात कायमचं आलं. मग पांढरी चादर आली, गोरा डॉक्टर आला. सात वर्षांच्या कुंदाला माझं खोटं तोंडपाठ झालं. मी चुकले तर ती आठवण करून द्यायची.

कुंदाला अक्षरं मीच शिकवत होते. पोर हुशार. चुलीच्या राखेत बोटानं लिहायची. पौषानंतर मी तिला म्हटलं, जोडाक्षरं आत्ता नको, डोळे दुखतील. मुलीनं शिकावं म्हणून सासूशी वाद घातलेली मीच होते. आता ती गावच्या शाळेतही जाऊ लागली होती.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तो सरकारी कागद होता. त्याच्याखाली आणखी एक, कार्तिकात आलेला, त्यांच्या स्वतःच्या अक्षरातला. तो मी खोटं न घालता कितीही वेळा वाचू शकत होते.

"मुलखाचं नाव लिहू देत नाहीत," त्यांनी लिहिलं होतं. "इथं एका म्हातारीच्या घरी आम्ही दोन दिवस होतो. तिनं मैद्यात अंडी फोडून गोळा मळला, मोठी पोळी लाटली, घडी घातली आणि सुरीनं बोटभर पट्ट्या कापल्या. मिठाच्या पाण्यात उकडल्या. वर टमाट्याचा रस, लसूण आणि कसलासा पाला. आपल्या चिकोल्याच, फक्त वरणाच्या जागी टमाटे. मी तिला खुणेनं सांगितलं की माझी आई याहून बारीक काढते, केसासारखी. तिला वाटलं मी आणखी मागतोय. तिनं आणखी वाढलं."

हे ऐकून आत्याबाई किती दिवसांनी पोट धरून हसल्या होत्या.

मग मी ते करून पाहिलं. पाण्याच्या दांडाकडेच्या वाफ्यात टमाटे लागले होते. गव्हाच्या सपिटाचा घट्ट गोळा मळला. अंड्याचं नाव घरात काढायची सोय नव्हती, म्हणून तेलाचा हात लावला आणि ओल्या फडक्याखाली ठेवला. टमाटे चिरून तेलावर टाकले, ओल्या लसणाची पात ठेचून घातली, मीठ, थोडं तिखट. ते मऊ होऊन तेल सुटेपर्यंत पट्ट्या कापून झाल्या. उकळत्या पाण्यात सोडल्या, वर तरंगल्या की काढल्या आणि रसात ढवळल्या. कोथिंबीर. चूल पेटल्यापासून ताट वाढेपर्यंत अर्धा तासही लागला नाही.

"पीठले लसूननी फोडनी!" आत्याबाई म्हणाल्या. "मंग पुरनपोळीवर ठेचा ठेव." असं म्हणत दोनदा घेतलं. कुंदा वडिलांना आबा म्हणते; तिनं त्याला नाव दिलं, आबाच्या चिकोल्या.

आता टमाट्यांच्या वाफ्यात शेवटची मूठभर फळं राहिली होती.

खुंटा ठोकून झाला तशी मी आत गेले. "आत्याबाई, गव्हाला कीड दिसते. औंदा राहू द्यावं का?"

त्यांनी ओल्या फडक्यातले चार दाणे काढून तळहातावर धरले. "धुळानी शाळा शिकनी, पन कीड वळखता येत नही तुले."

"माझा हात दुखतो. शेवयांची धार नीट धरता यायची नाही."

"कोनता हात?"

मी उजवा पुढे केला. त्यांनी तो धरला, बोटं एकेक दाबून पाहिली. बराच वेळ सोडला नाही.

"मना पोऱ्या दवाखानामा पडेल शे," त्या हळू म्हणाल्या. "अन् त्याना घरमा शेवया नहीत? लोके काय म्हनतीन? सांग, काय म्हनतीन?"

ते जिवंत असतील आणि मी पाट काढू दिला नाही, तर मीच त्यांना मारलं. ते गेले असतील आणि आम्ही अंगणात शेवया मिरवल्या, तर त्यांच्या नावाचं पाणीही न सोडता आम्ही सणाची तयारी केली. दोन्हीकडून पाप माझंच. मी आढ्याचा पाट खाली घेतला. त्यावरची वर्षाची धूळ पुसताना माझा पदर काळा झाला.

दुसऱ्या दिवशी दळलं, सपीट चाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गोळा मळून, कुटून, ताणून आम्ही ओसरीत बसलो. पाटाचं एक टोक उखळीवर टेकवलेलं, उतरतं. आत्याबाई वर, मी खाली. त्या गोळी पाटावर तळहातानं घासत पुढे ढकलायच्या आणि खाली बारीक धार सुटायची. ती मी दोन्ही हातांच्या बोटांवर वळशावळशानं घ्यायची. धार चालू असताना खालच्या बाईला उठता येत नाही, नाक खाजवता येत नाही. हात ढळला की तुटलं, आणि तुटलेली शेवई आमच्याकडे शुभ मानत नाहीत.

आत्याबाईंचा हात अजून तसाच आहे. धार खरंच केसासारखी येत होती.

चुलीवर मी टमाटे मंद आचेवर ठेवले होते. उरल्या गोळ्याच्या चिकोल्या करून दे, असं कुंदानं सकाळीच कबूल करून घेतलं होतं.

मंजुळाबाई येऊन दाराशी टेकल्या. पाटाला शिवल्या नाहीत. "काय धार शे वं!" म्हणाल्या. मग, "पितांबर आखाजीले येई का?"

"पाय बरा व्हयना की येई," आत्याबाई म्हणाल्या.

"चार महिना व्हयनात. पायले इतला येळ लागस?"

"तुले काय माहीत, तू डॉक्टर शे का?" आत्याबाईंनी गोळी घासली. "तुन्या शेवया धाडी देसू. आते घर जा, तुना चुलावर दूध व्हई."

मंजुळाबाई हसत उठल्या. मंजुळाबाई कोपऱ्यावरून वळेपर्यंत आत्याबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. मग धार न थांबवता हाक मारली, "कुंदे! तुना आबाना कागद लई ये."

"मी वाचते नंतर," मी म्हटलं. "हात मोकळे झाले की."

"तू नको. तुना हात दुखस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पोर आते शायमा जास. तिले वाचू दे."

"तिला जोडाक्षरं येत नाहीत अजून."

"येतात!" कुंदा डबा घेऊन धावत आली. "मास्तरांनी शिकवली. क्का, च्चा, त्ता, सगळी."

माझ्या दहा बोटांवर शेवयांचे वळसे होते. पाटावरून धार येतच होती. मी हात काढला असता तर सगळं तुटून जमिनीवर आलं असतं. तरी काढावा, असं मनात आलं. आत्याबाईंच्या हाताला जराही खंड नव्हता.

झाकण निघालं. "वरचा की खालचा?"

"खालचा," मी म्हटलं. "चिकोल्यांचा वाच, तो छान आहे."

"वरना," आत्याबाई म्हणाल्या.

कुंदा मांडी घालून बसली. बोट ठेवून वाचू लागली. शि-पा-ई. पि-तां-ब-र. आबाचं नाव आलं तशी हसून आमच्याकडे बघितलं. झु-ला-ल. मग तारीख अडली, ती तिनं सोडून दिली. ल-ढा-ई-च्या. "च्या" नीट जमलं म्हणून पुन्हा वाचलं. जा-गी.

घरात टमाटे लागल्याचा वास सुटला. कुणी उठलं नाही.

"बे," कुंदा म्हणाली. "बे-प-त्ता." परवा शिकलेलं अक्षर सापडलं म्हणून तिनं ते मोठ्यानं म्हटलं आणि तशीच पुढे गेली. आ-हे.

पाटावर तळहात थांबला नाही. धार मात्र जाड-बारीक येऊ लागली. इतक्या वर्षांत मी आत्याबाईंची धार अशी पाहिली नव्हती. मी बोटं तिच्याबरोबर कमी-जास्त करत राहिले, तुटू दिली नाही. वर बघायचा मला धीर झाला नाही.

कुंदा शेवटपर्यंत वाचत गेली. मग कागद उलटा करून पाहिला. मागे कोरं होतं. पुन्हा सुलटा केला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. डब्यात डोकावली, आणखी एखादा कागद राहिलाय का म्हणून. मग माझ्याजवळ येऊन माझ्या अडकलेल्या हातांपुढं तो कागद धरला.

"माय," ती म्हणाली, "पन यामा दवाखाना कोठे लिखेल शे?"