कापडी वासराची आई

मी सरावाची गाय बोलतेय. मी दूध देत नाही, चारा खात नाही. शेपूट आहे, पण माशी हाकलता येत नाही. माझं काम एकच, अडायचं. बॅचमागून बॅच येते, मी अडलेलीच असते, आणि लोक माझ्या पोटात हात घालून मला सोडवायला शिकतात.

बागेतली खेळणी करणाऱ्या एका कारागिराच्या शेडमध्ये मी जन्मले. घसरगुंडीचे हत्ती आणि तोंड उघडून कचरा मागणारे ससे करण्यात त्याचा हात बसलेला. म्हणून माझ्याही तोंडावर त्याने हसू ठेवलं. येणारा प्रत्येक जण एकदा तरी विचारतो, "हिला काय झालंय हसायला?" मी काय सांगणार. फायबरचं तोंड, जसं दिलं तसं वागवते.

पोट मात्र त्याच्या बायकोने केलं. रबराची पिशवी, मागे रबराची वाट, कुशीला एक झाकण. आणि वासरू. जाड कापडाचं, पायांत लाकडी हाडं, सांध्यांना बिजागऱ्या. ते शिवत असताना तिचं स्वतःचं तान्हं मांडीवर निजलेलं असायचं. दर चार टाक्यांनी ती त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना.

"अगं, आत्ताच तर बघितलंस," कारागीर म्हणायचा.

"बघितलं. मग? पुन्हा बघू नये?"

वासराला डोळे करायला घेतले तेव्हाही तो म्हणाला, "डोळे कशाला? आत अंधारच आहे." ती म्हणाली, "हाताला कळायला नको का डोकं कुठलं ते?" आणि तिने दोन खोल खोबणी शिवल्या. खरं सांगते, माझ्यात आईपणाचं जे काही आहे ते त्या बाईच्या हातून आलंय. तेव्हापासून मीही सारखी घोर करते. आतलं नीट आहे ना, पाय दुमडला तर नाही ना. कापडाचं आहे हे मला कळतं. पण कळून घोर थांबतो थोडाच.

मग मला टेम्पोत घालून या प्रशिक्षण केंद्रात आणलं. लांबट खोली, पांढरा फळा, वीस खुर्च्या, गळका नळ. गुरांच्या दवाखान्यांत डॉक्टरांच्या हाताखाली दहा-दहा, वीस-वीस वर्षं काढलेली माणसं इथे पाच दिवसांच्या उजळणीला येतात. लस टोचणं, कानात बिल्ला मारणं, अडलेली गाय सोडवणं, सगळं नव्याने गिरवतात. पहिल्या दिवशी सगळ्यांचा चेहरा सारखाच असतो, आम्हाला काय शिकवणार, असा.

अधूनमधून नव्या भरतीची पोरंही येतात, ती थेट मागे येऊन हात घालतात. जुनी माणसं तसं करत नाहीत. आधी माझ्या पाठीवरून हात फिरवतात, "हो बाई, हो" म्हणतात आणि लाथ बसणार नाही अशा बेताने बाजूला उभी राहतात. मी लाथ मारू शकत नाही हे त्यांना ठाऊक असतं. पण सवयच ती. तेवढ्या दोन क्षणांपुरती मी खरी गाय असते. मग बॅच संपते, खुर्च्या एकावर एक चढतात, दिवे जातात आणि महिना-महिना कुणी फिरकत नाही. नळ टपटपतो, तो मी मोजत बसते. दुसरं करायचं काय?

यावेळच्या बॅचमध्ये एक काका होते. बावीस वर्षं नोकरी झालेले, पन्नाशीकडे झुकलेले. त्यांनीही पाठीवर हात ठेवला. पण तो तिथेच राहिला. पुढे सरकेना.

"काका, ही लाथ मारत नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

"बोलतही नाही," दुसरा म्हणाला. "घरच्यापेक्षा बरी आहे, व्हा पुढे."

सगळे हसले, काकाही हसले. त्यांचा हात आत आला, वासराच्या खुराला लागला आणि चटका बसल्यासारखा मागे गेला. पोटात हात घालणाऱ्याचं मन मला चांगलं कळतं. त्या हाताला भीती होती.

तिसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेले. शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडम वासराच्या बिजागऱ्यांना तेल घालत बसल्या होत्या. काका परत आले आणि दारातच उभे राहिले.

"मॅडम, एक विनंती होती. मला नापास करा."

मॅडमनी तेलाची बाटली खाली ठेवली. "अहो, लोक पास करा म्हणून मागे लागतात."

"नापास झालेल्याला औषधांच्या स्टोअरला बसवतात म्हणे. आमच्याकडे ती जागा रिकामी आहे. तेवढं लिहून द्या."

मग उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. सात महिन्यांपूर्वी एक गाय अडली होती. बाहेर दोन पाय, खुरांचे तळवे वर. तळवे वर म्हणजे मागचे पाय, वासरू उलटं येतंय, हे बावीस वर्षांचं पाठ झालेलं. त्यांनी आत हात घालून बघितलं नाही. दोर बांधला आणि चार माणसं ओढायला लावली. ते पाय पुढचे होते. वासरू पाठीवर पडलेलं होतं, म्हणून तळवे वर. डोकं आत मागे वळून अडकलेलं. वासरू गेलं, तासाभराने गायही गेली.

"जिची गाय होती ती बाई काही बोलली नाही मॅडम. हात धुवायला गरम पाणी आणून दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." त्यांनी हात खिशात घातले. "तेव्हापासून गाय अडल्याचा फोन आला की मी मीटिंगमध्ये असतो. लोक तीस किलोमीटरवरून दुसऱ्याला आणतात."

मॅडमनी वासराचा एक पाय उचलून काकांपुढे धरला. मग म्हणाल्या, "परीक्षा परवा आहे. त्यानंतरही हेच म्हणालात तर लिहून देईन. तोवर हात घालायचा. आणि तळवे बघून ठरवायचं नाही. खुराच्या वरचा सांधा वाकवायचा, मग त्याच्या वरचा. दोन्ही एकाच बाजूला वाकले तर पुढचा पाय. एक इकडे, एक तिकडे, तर मागचा. एवढंच आहे काका."

काकांनी मान हलवली. पण दुसऱ्या दिवशीही हात खुरापर्यंतच आला. मी किती वाट पाहिली. मनात म्हणत होते, या ना पुढे, माझं काही बिघडत नाही.

परीक्षेच्या दिवशी त्यांचा नंबर शेवटचा. फोन बंद ठेवायचे होते, काका विसरले होते. हात माझ्यात असतानाच खिशातला फोन वाजला. बंद करायला म्हणून त्यांनी तो बाहेर काढला, नाव पाहिलं आणि थांबले. त्यांच्या दवाखान्यात नव्यानेच लागलेली मुलगी होती. डावा हात माझ्यातच होता, म्हणून फोन स्पीकरवर टाकून माझ्या पाठीवर ठेवला.

"काका, गाय अडलीय. मी एकटीच आहे. दोन पाय बाहेर, तळवे वर. उलटं वासरू आहे ना? दोर बांधलाय, माणसं आहेत. ओढू?"

काकांचा हात पुन्हा खुरापाशीच अडला.

"काका? आहात ना? मीटिंगमध्ये आहात का?"

"नाही," काका म्हणाले. "मीटिंगमध्ये नाही. ओढू नकोस. दोर राहू दे पण ढिला, कुणाला हात लावू देऊ नकोस. साबणाचं पाणी घे आणि हात आत घाल. मीही घालतोय."

आणि त्यांचा हात खांद्यापर्यंत माझ्या आत आला.

"खुराच्या वरचा सांधा वाकव. आता त्याच्या वरचा. कुठे वाकतोय?"

"दोन्ही... दोन्ही एकाच बाजूला."

"पुन्हा बघ. घाई नाही."

"एकाच बाजूला, काका. आणि डोकं हाताला लागत नाही."

"मग पुढचे पाय आहेत. वासरू पाठीवर आहे. ओढलं असतं तर..."

मॅडमनी गुपचूप माझ्या कुशीचं झाकण उघडलं. तिकडच्यासारखंच वासरू उलथं करून पाठीवर निजवलं आणि मान मागे वळवली. मग कोपऱ्यात जाऊन त्या आपल्या फोनवरून तिकडच्या डॉक्टरांशी बोलू लागल्या. त्यांना पोचायला तास लागणार होता.

"कळ आली की थांबायचं, कळ गेली की आत ढकलायचं," काका सांगत होते. "मागचं अंग उंचावर येईल असं उभं करा तिला. आता मानेवरून हात ने. डोळ्यांच्या खोबणी लागतील."

"हात पोचत नाही."

"पोचेल. माझाही पोचत नव्हता."

कारागिराच्या बायकोने शिवलेल्या त्या खोबणीत काकांची बोटं रुतली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. पलीकडून ती मुलगी म्हणाली, "लागल्या." मग किती वेळ गेला ठाऊक नाही. नळ मोजायचं मला सुचलं नाही. थोडं ढकल, थोडं फिरव, वासराचे दात गाईला आतून लागू नयेत म्हणून त्याच्या तोंडावर हात ठेव. काकांच्या कपाळावरचा घाम माझ्या पाठीवर ठिबकत होता. मग ते म्हणाले, "आता ओढ. दोनच माणसं. कळेबरोबर, खालच्या बाजूला."

फोनमध्ये गडबड झाली. मग काहीच नाही. मग एक बारीकशी शिंक. आणि पाठोपाठ त्या गाईचा आवाज, घशातल्या घशात, वासराशी बोलावं तसा.

माझ्या पोटातून हजारदा वासरू निघालं, पण ते कधी शिंकलं नाही. आणि तो आवाज मला काढता येत नाही. तोंड मिटलेलं आहे माझं, हसत मिटलेलं.

काकांनी हात काढला आणि बेसिनपाशी बराच वेळ धूत राहिले. मॅडम कागद घेऊन उभ्या होत्या.

"तुमची परीक्षा राहिलीच. आणि स्टोअरचं लिहायचं का?"

"त्या पोरीला एकटीला ठेवून स्टोअरमध्ये बसू होय?" काका म्हणाले. "मॅडम, वासरामागची वार पडली का ते आज बघायला हवं. चारची बस मिळाली तर उजेडात पोचेन. निघू?"

गेलेसुद्धा. माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिकडे खरी गाय होती.

बाकीचेही गेले. एरवी बॅच संपली की वासरू पत्र्याच्या कपाटात ठेवतात. ती कडी लागली की मला रात्र जात नाही. त्या दिवशीच्या गडबडीत मॅडम विसरल्या आणि कुलूप लावून गेल्या. वासरू माझ्याच पोटात आहे, अजून उलथं, मान वळलेली. त्याला सरळ करायला मला हात नाहीत.

पुढची बॅच दोन महिन्यांनी आहे. तुमच्यापैकी कुणी येणार असेल आणि गेल्या वर्षी कुठली गाय हातची गेली म्हणून रात्री दचकून उठत असेल, तर लाजू नका. सगळ्या चुका माझ्यावर करा. मी मरत नाही. फक्त आल्या आल्या आधी आत हात घाला, आणि वासराची मान सरळ करा.