घेतला असता तर

विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या सर्व्हेअरसाहेबांवर गाडी भाड्याने घ्यायची वेळ उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच आली. स्वतःची गाडी गॅरेजात अडकलेली, थोरली बहीण आजारी, आणि तिचं गाव चार तासांवर.

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे सरकवला. "काका, साधा विमा की पूर्ण? पूर्ण घेतलात तर सोबत बसणाऱ्यांचंही त्यात येतं. नको असेल तर इथे 'नाकारले' म्हणून सही करा."

साहेबांचं पेन हवेतच राहिलं.

"अगं, एकतीस वर्षं यांनी लोकांचे फॉर्म तपासले," बायको त्या मुलीला म्हणाली, "आणि आज स्वतःवर वेळ आली तर दातखीळ बसली बघ!"

मुलगी हसली. साहेबांना मात्र एक शाळामास्तर आठवले होते.

बावीस वर्षांपूर्वी त्या मास्तरांनी अशीच गाडी भाड्याने घेतली होती. मागच्या सीटवर धाकटी बहीण. घाटातल्या वळणावर गाडी उलटली. मास्तरांना साधं खरचटलंही नाही. बहिणीचे पाय मात्र कायमचे गेले. ती दवाखान्यात असतानाच साहेब जबाब घ्यायला त्यांच्या घरी गेले होते. "ती विमा घे म्हणत होती," मास्तर खाली मान घालून म्हणाले. "मीच म्हटलं, तेवढ्यात काय होतंय!" साहेबांनी एकच ओळ लिहिली: ग्राहकाने संरक्षण नाकारले. क्लेम फेटाळला गेला. निघताना मास्तरांनी दारात विचारलं, "साहेब, घेतला असता तर अपघात झाला असता का हो?"

प्रश्न वेडगळच. विम्याचा आणि वळणाचा काय संबंध? पण तो मानगुटीवर बसला तो बसलाच. दाढी करताना, जिना चढताना कानाशी तोच मऊ आवाज यायचा. आज तर विमा घ्यावा तर अपघाताला आवतण दिल्यासारखं, आणि न घ्यावा तर मास्तरांच्याच ओळीत जाऊन उभं राहिल्यासारखं. शेवटी त्यांनी पूर्ण विम्यावर सही केली.

घाट चढायला लागले आणि गाडी पिकपिक वाजायला लागली. समोर लाल खूण: मागच्या सीटचा पट्टा लावलेला नाही.

"माझी पिशवी असेल," बायको म्हणाली. साहेबांनी गाडी थांबवली, तिने पिशवी डिकीत टाकली. दार लावलं. पुन्हा पिकपिक. मागे काहीच नव्हतं. साहेबांनी सीटवर हात फिरवून पाहिला.

"कुणाला बरोबर घेऊन आलात?" बायको चेष्टेने म्हणाली.

मग बावीस वर्षांत प्रथमच साहेबांनी तिला सगळं सांगितलं. ती जन्मभर दवाखान्यात परिचारिका होती; असल्या गोष्टी ऐकायची तिला सवय. तिने एवढंच विचारलं, "घर कुठेय त्यांचं?"

"घाट उतरला की लगेच."

"मग चला. ताईंकडे तासभर उशिरा पोहोचू."

दार उघडलं ते चाकांच्या खुर्चीतल्या बाईनेच. केस पांढरे, नजर स्वच्छ. साहेबांनी ओळख सांगितली. त्या ओळीबद्दलही सांगितलं.

"दादाला जाऊन सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "या, बसा."

"ते म्हणाले होते, तुम्ही विमा घ्यायला सांगत होतात…"

बाईने मान हलवली. "खोटं सांगितलं त्याने. दादा घेत होता. सहीसुद्धा करायला लागला होता. मीच ओरडले, वाचत काय बसलायस, उशीर होतोय, नको म्हण आणि चल! घरात मला कुणी बोल लावू नये म्हणून त्याने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. नंतर नंतर त्याला तेच खरं वाटायला लागलं. मी कितीदा सांगितलं. ऐकायचाच नाही."



"लिहून घ्या," ती अचानक म्हणाली. "तेव्हा माझा जबाब कुणी घेतलाच नाही."

त्याचा आता उपयोग नव्हता. फाइलसुद्धा कधीच रद्दीत गेली असणार. तरी साहेबांनी खिशातून पेन काढलं, तिने दिलेल्या वहीच्या पानावर शब्द न् शब्द लिहिला, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला. तिने सही केली. पान मात्र स्वतःकडेच ठेवलं.

"आज तुम्ही घेतलात का?" तिने दारात विचारलं.

"घेतला."

"बरं केलंत. सावकाश जा."

दार बंद झालं. पायऱ्या उतरताना दोघांना आतून तिचा आवाज ऐकू आला. रोजच्या माणसाशी बोलावं तसा.

"गेले ते. सांगितलं मी सगळं. आता तरी झोप."

घरात दुसरं कुणी नव्हतं. साहेबांनी बायकोकडे पाहिलं; ती खाली बघून पायऱ्या उतरत होती. ताईंच्या गावापर्यंत मागच्या सीटची पिकपिक मात्र पुन्हा एकदाही झाली नाही.