उकंडरावांच्या विहिरीचं गोड पाणी

उकंडरावांच्या विहिरीचं पाणी गोड आहे, हे रिठदजवळच्या त्या गावात सगळ्यांना माहीत होतं. कारण उकंडराव ते कोणाला विसरूच देत नसत. पाहुणा ओसरीवर टेकतो न टेकतो तोच त्याच्या हातात तांब्या यायचा, आणि तो रिकामा होईपर्यंत उकंडराव त्याच्या तोंडाकडे पाहत बसायचे.

"कसं लागलं?"

पाहुणा बिचारा काय बोलणार!

गावाची बोअर मात्र खारी. म्हणून शाळेजवळ पाणी शुद्ध करणारा आरओ प्लँट बसवलेला होता. तो चालवायचा बायकांचा बचत गट, आणि गटातर्फे रोजचं सगळं पाहायची उकंडरावांची सून विजयमाला. सकाळी सातला मोटर सुरू, मग जारांची रांग.

मार्चात बोअरची मोटर जळाली. ती दुरुस्तीला रिसोडला गेली, आणि उकंडरावांना तर आमंत्रणच मिळाल्यासारखं झालं.

"मोटर येईलोक माया विहिरीचं पाणी घ्या," ते म्हणाले. "तुमच्या मशीनले बी जरासं सुख लागू द्या. खारं पाणी पिऊन पिऊन थकली असन ते."

पाइप टाकला. विजयमालानं क्षार मोजायचं मीटर पाण्यात बुडवलं. बोअरचा आकडा एकोणीसशे यायचा, विहिरीचा आला सहाशे. नातू परीक्षेत पहिला यावा तसे उकंडराव तो आकडा सांगत गावभर फिरले.

पहिला आठवडा बरा गेला. मग जो जार चार मिनिटांत भरायचा त्याला सात मिनिटं लागू लागली. तिसऱ्या आठवड्यात अकरा. मशीनवरचा दाबाचा काटा चढत चालला आणि नळाची धार बारीक होत चालली. रांगेतल्या ललिताबाईला तर विषयच मिळाला.

"काय हो भाऊजी, तुमचं गोड पाणी लय लाजरं हाय. बाहीर याले तयारच नाई!"

"माया पाण्याचा काय दोष?" उकंडराव म्हणाले. "बोअरचा जुना क्षार अडकून बसला असन मशीनीत."

विजयमालालाही ते पटलं. क्षार साचला की सौम्य ॲसिडनं पडदा धुवायचा, असं तिला शिकवलेलं होतं. पडदा म्हणजे आरओचं मेंब्रेन, ज्याच्यातून पाणी तेवढं आरपार जातं आणि क्षार मागं राहतो. तिनं रविवारी नीट मापानं ॲसिड घेऊन तो धुतला. सोमवारी जार भरायला चौदा मिनिटं लागली.

त्या दिवशी उकंडरावांनी कोणाला पाणी पाजलं नाही.

शेवटी विजयमालानं रिसोडला मंजुषाला फोन केला. मंजुषा असले प्लँट दुरुस्त करायची. ती स्कूटीवर आली. उकंडरावांना राहवेना, म्हणून त्यांनी तांब्या पुढं केलाच. ती पाणी प्यायली.

"गोड हाय, आबाजी," ती म्हणाली. "आता हेच पाणी मले पांढऱ्या बादलीत दाखवा."

बादली भरली. सगळे वाकून पाहू लागले. तांब्यात कधी दिसला नव्हता तो रंग पांढऱ्या बादलीत उघडा पडला. पाणी फिकट पिवळसर होतं.

"विहिरीवर झाड कोणतं हाय?"

"उंबर," उकंडराव म्हणाले. "त्याच्या सावलीनं तं पाणी थंड राह्यते."

मंजुषानं मेंब्रेनची नळी बाहेर काढली आणि तिच्या तोंडावरून बोट फिरवलं. बोटाला तपकिरी, शेंबडासारखा चिकट थर आला.

"ताई, हा क्षार नोहे. क्षार खरखर लागते, हे पाहा कसं बुळबुळीत हाय. उंबराची पानं, फळं विहिरीत कुजतात, त्याइचा अर्क पाण्यात उतरते. वाळूच्या फिल्टरातून तो सरळ निंघून जाते आन् पडद्यावर जाऊन बसते. पाण्यातला चुना त्याले आणखी चिकटवते."

"मंग मी ॲसिडनं धुतलं तं..." विजयमालाचा चेहरा उतरला.

"तं तो आणखी घट्ट बसला. तेलाची कढई काय ताकानं निंघते? इथं सोड्याच्या जातीचं औषध लागते, आन् कोमट पाणी."

तासभर तसलं पाणी मशीनमधून फिरवलं आणि मग खालचा नळ सोडला. कोरा चहा पडावा तसं पाणी पडू लागलं. बायका तोंडाला पदर लावून पाहत होत्या.

"भाऊजी," ललिताबाई म्हणाली, "साखर टाकू काय?"

सगळं आवार हसलं. उकंडराव हसले नाहीत. ते घरी गेले आणि ताटावर बसून नुसती भाकर कुस्करत राहिले.

"मामाजी," विजयमाला हळूच म्हणाली, "पाणी गोडच हाय. मशीनले पचलं नाई एवढंच. आन् चूक तं माई बी झाली."

"तुई कायची चूक?" ते म्हणाले. "साठ वर्सं पाणी चाखलं मी. वाकून आत कधी पाह्यलंच नाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माणसं लावून विहिरीतला गाळ काढायला घेतला. चार ट्रॉल्या काळी घाण निघाली. विहिरीवर जाळी त्यांनी स्वतः ताणून बसवली. मंजुषाच्या सांगण्यावरून प्लँटआधी तुरटीची आणि कोळशाची टाकी लागली. जार पाच मिनिटांत भरू लागला. चार मिनिटं काही परत आली नाहीत. पडद्याचं तेवढं गेलं ते गेलंच, असं मंजुषानं स्पष्ट सांगितलं.

मग बोअरची मोटर आली. आता मशीनला पाणी कोणतं द्यायचं, यावर गटाची बैठक बसली. उकंडराव काय म्हणतील म्हणून बायका एकमेकींकडे पाहत होत्या. ते दारातूनच म्हणाले, "बोअरचंच द्या. खारं गोड करणं हे त्या मशीनचं काम. गोडाले आणखी गोड कराले कायले लावता तिले?"

पावसाळ्याआधी मालेगावकडच्या एका गावच्या बायका प्लँट पाहायला आल्या. त्यांचं शेततळ्याचं पाणी, आणि त्यांचंही मेंब्रेन असंच तुंबलेलं. विजयमाला काही बोलायच्या आत उकंडराव पुढं सरसावले.

"ॲसिड बिलकुल नोका घालू! पह्यले बोट फिरवून पाहाचं. बुळबुळीत लागलं की समजाचं, पालापाचोळा. मंग सोड्याचं औषध, आन् चांगलं उकळतं पाणी..."

"कोमट, मामाजी," विजयमाला म्हणाली. "उकळत्यानं पडदाच कामातून जाईन."

उकंडरावांनी बाजूची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस," ते म्हणाले. "मी हेच तं सांगून राह्यलो होतो. आता तू सांग बरं पुढचं."

ती बसली, आणि पाहुण्या बायकांना पहिल्यापासून सांगू लागली. उकंडराव भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मध्ये बोलले फक्त दोनदाच.