उरलेले थांबे

आमच्या ब्युनोस आयर्समध्ये दर चौकात एक बेकरी आणि एक मनाचा डॉक्टर. एखादा दिवस पावाशिवाय निघेल, डॉक्टरशिवाय निघत नाही. केस कापायला बसलेला माणूससुद्धा ‘माझा डॉक्टर म्हणतो’ इथूनच सुरुवात करतो. तेव्हा नेलिदाबाई नऊ वर्षं दर मंगळवारी आणि गुरुवारी सहाच्या ठोक्याला डॉक्टर वाइनफेल्डच्या कोचावर आडव्या होत, यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. त्यांचा मुलगा सीरो एकोणिसाव्या वर्षी मोटारसायकलवरून घराबाहेर पडला तो परत आलाच नाही. डॉक्टर फारसं बोलत नसत. बाई बोलायच्या, ते ऐकायचे, आणि बोलणं नेमकं दुखऱ्या जागी आलं की म्हणायचे, “आज इथंच थांबू.” या डॉक्टरांच्या पंथाची रीतच तशी. मध्येच थांबवलं की माणूस ते घरी नेऊन चघळत बसतो आणि त्यातून त्याला काहीतरी उमगतं, असं ते मानतात. कधी उमगायचं, कधी नुसतीच झोप उडायची.

बाई बोएदो वस्तीतल्या प्रौढांच्या शाळेत भाषा शिकवत. संध्याकाळचे वर्ग. शिकणारे सगळे कामाचे कपडे अंगावर ठेवूनच यायचे. सीरो गेल्यावर बाईंनी तिथे वह्यांचा रिवाज सुरू केला होता. दर आठवड्याला प्रत्येकाने स्वतःविषयी दोन पानं लिहायची. बाई गुण द्यायच्या नाहीत, शेरा मारायच्या नाहीत. पानाखाली फक्त ‘वाचलं’ एवढंच लिहायच्या. ज्याची इच्छा असेल त्याने बुधवारी वर्गात मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी मुकाट्याने ऐकायचं. बाईही स्वतःचं लिहून आणत, पण त्यात मावशीचा पोपट असे, नाहीतर आजोळच्या अंजिराचं झाड. सीरोचं नाव त्यांच्या वहीत एकदाही आलेलं नव्हतं.

जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, एका गारठलेल्या बुधवारी ओविदिओ बार्रासा वाचायला उभा राहिला. पन्नाशीचा बसचालक, अंगावर कंपनीचा निळा शर्ट, हात थाळीएवढे. वर्षभरात त्याने कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी त्याने लुदमिलाविषयी लिहून आणलं होतं. त्याची अकरा वर्षांची मुलगी. चार महिने ती इस्पितळात होती. हा फेऱ्या संपवून तसाच तिच्या खाटेशी जायचा, आणि मग दोघांचा खेळ चालायचा. याने आपल्या बसचे थांबे पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने म्हणायचे, आणि एखादा चुकला की तिने ‘टिंग’ करून गाडी थांबवायची. वर्ग हसला. ओविदिओही थोडा हसला.

मग त्याचा आवाज खाली गेला. “शेवटच्या रात्री मी अकरा तास गाडी चालवून आलो होतो. तिने खेळ मागितला. आम्ही निम्म्यावर आलो. तेव्हा मी तिला म्हणालो...”

तो अडला.

“आज इथंच थांबू,” बाई म्हणाल्या.

ओविदिओने त्यांच्याकडे पाहिलं. वही मिटली, काखेत घातली, “बरं बाई,” म्हणाला आणि खाली बसला. पुढचा बुधवार आला, ओविदिओ आला नाही. त्यानंतरच्या बुधवारीही नाही.

तिसऱ्या बुधवारी बाईंनी पुन्हा मावशीचा पोपट बाहेर काढला तेव्हा तामाराचा तोल गेला. ही तामारा केस कापायचं दुकान चालवायची, आणि तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार होती.

“पुरे झाला बाई तो पोपट! त्या माणसाने काळीज काढून टेबलावर ठेवलं, तुम्ही म्हणालात थांब. आणि आम्ही काय ऐकायचं, तर पोपट! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं झालं हे.”

वर्गात कुणी हसलं नाही. बाईंनी वही मिटली. तामाराच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं, तेच झोंबलं.

मंगळवारी कोचावर पडल्या पडल्या त्यांनी सगळं सांगून टाकलं.

“कुणाला थांबवलंत?” डॉक्टरांनी विचारलं.

“ओविदिओला. छे, मला. त्याची मुलगी जायला एक ओळ उरली होती, आणि मला सीरो दिसायला लागला. मला ऐकवेना. मग तुमचे शब्द पुढे केले. मनात म्हटलं, ही तर पद्धतच आहे. पद्धत कसली डॉक्टर! मी घाबरले. एका बापाने सगळं बळ एकवटून तोंड उघडलं, आणि मी त्यावर हात ठेवला.”



“आज इथंच थांबू,” डॉक्टर म्हणाले.

बाई उठून बसल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मागे वळून डॉक्टरांकडे नीट पाहिलं. म्हातारे झाले होते ते. “फार सोपं आहे हो हे वाक्य,” बाई म्हणाल्या.

“सोपं असायला नको,” डॉक्टर हळूच म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

गुरुवारी सहाला कोच रिकामा राहिला. बाई शाळेजवळच्या कोपऱ्यावर, बोचऱ्या वाऱ्यात, ओविदिओच्या बसची वाट पाहत उभ्या होत्या. तिसऱ्या बसवर तो सापडला.

“बाई? तुम्ही? आत या, वारा येतोय.”

त्या अगदी पुढच्या सीटवर बसल्या. डोक्यावर पाटी होती, ‘चालकाशी बोलू नये’. त्यामुळे डेपोपर्यंत दोघं गप्प राहिले. डेपोत चालक मंडळी ‘माते’ नावाच्या कडवट चहाचा भोपळा हातोहात फिरवत बसली होती. एकजण ओरडला, “काय रे बार्रासा, प्रगतिपुस्तक घेऊन बाई थेट डेपोत! काय दिवे लावलेस?”

“तू तुझं बघ, जाड्या,” ओविदिओ म्हणाला, आणि त्याने बाईंना बाजूच्या बाकावर बसवलं.

“वर्गाला का येत नाही, हे विचारायला आले नाही मी,” बाई म्हणाल्या. “माफी मागायला आले.”

“माफी कसली? तामाराने सांगितलं मला. डॉक्टर लोकांची पद्धत आहे म्हणे ती. तामारासुद्धा जाते ना शनिवारी तिच्या डॉक्टरकडे.”

“पद्धत नव्हती ती. मला मुलगा होता, ओविदिओ. सीरो. नऊ वर्षं झाली. त्या सकाळी आमचं भांडण झालं, आणि तो दारातून ‘येतो’ म्हणाला तेव्हा मी उत्तर दिलं नाही. हे मी एका माणसाला पैसे देऊन सांगते, पण कागदावर लिहायची हिंमत झाली नाही. तुम्ही लिहिलंत. मला त्याचीच भीती वाटली.”

ओविदिओने माते भरली आणि त्यांच्या हातात दिली.

“मी रागावलो नव्हतो बाई,” तो म्हणाला. “उलट वाटलं, बरोबर झालं. मला हेच मिळायला हवं होतं.”

“असं का म्हणता?”

तेवढ्यात फेरीची शिट्टी झाली. “बसा गाडीत,” तो म्हणाला.

बस भरली. बाहेर अंधारून आलं होतं, दुकानांतले दिवे लागले होते. दोन-चार थांबे गेल्यावर ओविदिओ समोर रस्त्याकडे बघतच बोलायला लागला.

“आम्ही अकराव्या थांब्यावर होतो त्या रात्री. जुन्या औषधाच्या दुकानाचा कोपरा. माझे डोळे मिटत होते. तिचा हट्ट, सगळे म्हण. मी तिला म्हणालो, ‘बास लुदमी. आज गाडी इथंच थांबली. उरलेलं उद्या.’ ती काही बोलली नाही. पहाटे गेली.”

आज इथंच थांबू. कुठली ओळ आपण तोडली, हे त्यांना आत्ता कळलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

“चालकाशी बोलू नका हो,” मागून एक म्हातारी खेकसली. “अपघात होईल.”

“मीच बोलतोय, आजी,” ओविदिओ म्हणाला. “त्या ऐकतायत.”

औषधाचं दुकान आलं. आता तिथे मोबाइल विकतात. तिघं उतरली, एकजण चढला. बाईंच्या ओठांवर सांत्वनाची दहा वाक्यं आली, शाळेतली आणि कोचावरची. त्यांनी ती सगळी गिळली.

“पुढचा कोणता?” त्यांनी विचारलं.

सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न वाजवला. मग त्याने गिअर टाकला.

“बाजाराचा दरवाजा,” तो म्हणाला. आवाज फाटला होता. “मग रेल्वेचा पूल. मग चामड्याचा कारखाना.”

प्रत्येक थांबा येण्याआधी तो नाव घेत होता. मुलींची शाळा. पाण्याची टाकी. पाद्र्यांचा मळा. म्हातारी आता गप्प झाली होती. फुटबॉलचं मैदान. लाकडाची वखार. बाई हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या आणि मनात एकच धास्ती होती, कुणी मध्ये काही बोलू नये.

“नदीकाठ,” ओविदिओ म्हणाला. “शेवटचा.”

सगळे उतरले. इंजिन बंद झालं. दोघंच गाडीत राहिली.

“तिला पुढचे ठाऊक होते का?” बाईंनी विचारलं.

“सगळे तोंडपाठ होते तिला,” ओविदिओ म्हणाला. “माझ्याकडून ऐकायचे होते फक्त.”