भोपळ्याला आलेला ताप

शाळा उघडायचा पहिला दिवस. घंटा घणघणली, पण वर्गात पोरांऐवजी उन्हाळ्याच्या सुट्टीतली कोळिष्टकंच हजर होती. पोरंबाळं, आयाबाया, सगळी वाडी चावडीपुढं लोटली होती. जूनचा गार वारा सुटलेला, घरोघरी तापाची साथ, शिंका नि खोकला. आणि चावडीच्या कट्ट्यावर पंचेवाले बाबा!

बाबा पोराच्या कपाळाला हळद फासायचे, तांब्यातल्या 'गंगे'त पंचा बुडवायचे, कपाळावरून फिरवायचे आणि गात गात उंच धरायचे,

"ताप आला दारी, घाला हळदीचा घेरा,
पंच्यानं वढिला, त्याचा रानामंदी डेरा!"

पंच्यावर लालभडक डाग!

"निघाला गं बाई, ताप निघाला!" बाया हात जोडायच्या. लगेच तोच पंचा पुढच्या पोराच्या तोंडावर.

रंगनाथ गुरुजी खरं तर पोरांना शाळेत न्यायला आले होते. पण त्यांचंही अंग मोडून आलेलं, नाक गळत होतं.

"या मास्तर," बाबा म्हणाले, "शिकल्याल्या मानसाचा ताप लई चिवट असतो. बसा."

आणि सातवीला विज्ञान शिकवणारा माणूस चक्क मांडी घालून बसला! पंचा लाल झाला. गुरुजींना हलकंही वाटलं. सकाळी घेतलेली गोळी आता लागू पडली असेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. डोकं त्या वेळी बाबांच्या हातात होतं.

दुपारी परतताना मनकर्णाच्या दारात त्यांची पावलं थबकली. तिची भारती, यंदा पाचवीत जायची, घोंगडीवर पडली होती. श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या. बोलकी पोर, पण डोळेसुद्धा उघडेना.

"मनकर्णा, हिला आत्ताच्या आत्ता पारनेरला दवाखान्यात ने."

"कशापायी? ताप निघालाय की. पंचा लाल झाला, म्या ह्या डोळ्यांनी बघितला."

"अगं, पण श्वास बघ तिचा!"

"निघताना तरास व्हतोच, बाबा म्हनले. आन् गुरुजी, तुमीबी बसला व्हता की! तुमच्यावानी शिकल्याला मानूस बसला, म्हनून तर मी पोरीला नेली."

गुरुजी तिथून निघाले. हापशावर जाऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं. कपाळावरची हळद ओघळून सदऱ्याच्या कॉलरवर आलेली. त्यांनी साबणाची वडी घासली, तर पिवळी कॉलर बघता बघता लाल!

"अरेच्चा! सदऱ्याचाही ताप निघाला!"

मग त्यांनी ओल्या हातानंच कपाळावर थाप मारली. हळदीला साबण किंवा चुना लागला की ती लाल होते. हा धडा ते दरसाल शिकवत होते. फळ्यावर. सुबक अक्षरात.

घरातला भोपळा काखोटीला मारून गुरुजी चावडीवर पोचले.

"बाबा, ह्याला कालपासून कणकण आहे."

"द्येवाच्या कामात थट्टा न्हाई पायजे, मास्तर!"

गुरुजींनी ऐकलं नाही. भोपळ्याला हळद फासली, बाबांच्या हातून पंचा ओढला, तांब्यात बुडवला नि फिरवला. लालभडक! गर्दीत खसखस पिकली.

"भोपळ्याला ताप आल्ता व्हय?"

"ताप कुठला! तांब्यात गंगा नाही, चुन्याची निवळी आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते. बास, एवढाच चमत्कार."

"मंग गुरुजी, तुमच्या डोस्क्यातनं सकाळी काय निघालं?" मागून कुणीतरी पिन मारली.

"काही नाही. माझं डोकं आणि हा भोपळा, पंच्याला फरक कळला नाही. आता मलाही कळेना."

सगळे हसले. भोपळ्यामागोमाग चावडीवर आलेली मनकर्णा तेवढी हसली नाही. ती वळली ती धावतच घरी गेली, आणि बाबा पंचा गुंडाळेपर्यंत भारतीला कवटाळून टेम्पोत बसलीसुद्धा. तिच्या शेजारी गुरुजी. पारनेरपर्यंत दोघं फक्त पोरीचा श्वास ऐकत राहिली.

"छातीत कफ भरलाय," डॉक्टर म्हणाले. "उद्यावर नेलं असतं, तर माझ्या हातात काही उरलं नसतं."

बरी होऊन भारती वर्गात आली तेव्हा गालांची हाडं वर आली होती, पण जीभ जागेवर होती.

"गुरुजी, बाकीची पोरं मंग पंच्यानं कशी बरी झाली?"

"पंच्यानं नाही, बाळ. असला ताप बहुतेकांचा चार-सहा दिवसांत आपला आपणच उतरतो. पंच्यानं केलं काय, तर एकाचा शेंबूड दुसऱ्याच्या तोंडाला लावला. म्हणून तर साथ वाढली." गुरुजी पोरांना सोडायला आलेल्या आयाबायांकडं वळले. "खोकणारं पोर घरी ठेवा, शाळा कुठं पळून जात नाही. ज्याचा त्याचा रुमाल वेगळा. हात धुवा, खिडक्या उघड्या ठेवा. धाप लागली, तर थेट दवाखाना. आणि चमत्कार दिसला, की हात जोडायच्या आधी विचारा, हे कसं झालं?"

"आन् तुमी सांगितलं, तर?" मनकर्णानं विचारलं.

"मी सांगितलं तर दोनदा विचार," गुरुजी म्हणाले.